जून फांदीची समजूत

कोवळी फांदी वाकते आणि जून फांदी मोडते, हे वचन आमच्या समाजात इतके सर्वमान्य आहे की त्याला पुरावा विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मुलाला लवकर शाळेत घालावयाचे असो, सुनेला नव्या घरची रीत लावावयाची असो, की म्हाताऱ्या माणसाच्या हट्टापुढे हात टेकावयाचे असोत, प्रत्येक प्रसंगी हेच वचन पुढे करण्यात येते. आम्ही स्वतः तीस वर्षे शाळेत शिकविले. तेव्हा या वचनाच्या पूर्वार्धावर आमचा संसार चालला असे म्हणावयास हरकत नाही. उत्तरार्धाकडे मात्र आमचे लक्ष सेवानिवृत्तीनंतर गेले, आणि तेही एका झाडामुळे. जून फांदी खरोखरच मोडते काय, आणि मोडत नसेल तर ती कशाने वाकते, या प्रश्नाचा अभ्यास गेली काही वर्षे आम्ही वसईतील एका तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जात बसून करीत आहो. विषय लहान आहे, आणि झाड तर त्याहून लहान आहे. तथापि त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

तबकात झाड लहान राखण्याच्या या विद्येला जपानी भाषेत बोन्साय म्हणतात. 'बोन' म्हणजे तबक आणि 'साय' म्हणजे लावणी. तबकात लावलेले झाड एवढाच त्या भारदस्त शब्दाचा साधा अर्थ. मूळ कल्पना चीन देशातली. तेथून ती जपानात गेली, आणि तेथील कारागिरांनी तिचे शास्त्र बनविले. 1923 च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतील काही रोपवाटिकावाल्यांनी ती नगरी सोडून ओमिया येथे बिऱ्हाडे केली आणि 1925 पासून तेथे या झाडांचे एक गावच वसले. आमच्याकडेही ही विद्या आता नवखी राहिलेली नाही. 2018 साली पुण्यात तिचे आंतरराष्ट्रीय संमेलन भरले होते. मराठीत अशा झाडाला 'वामनवृक्ष' म्हणतात. नाव गोड आहे खरे. परंतु पुराणातला वामन अखेर तीन पावलांत त्रिभुवन व्यापतो, ही गोष्ट तबकातल्या झाडाने मनावर घेतली तर आमच्या सज्जाची धडगत नाही.

या वामनांचा राजा म्हणजे पाईन. आपल्या हिमालयातला चीड ज्या कुळातला, त्याच कुळातले हे वृक्ष. खरखरीत साल, सुयांसारखी पाने आणि दीर्घ आयुष्य या तीन गुणांमुळे तबकातही तो वयोवृद्ध दिसतो. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात असा एक पांढरा पाईन आहे. 1625 सालापासून तो तबकात वाढत आहे. 1945 च्या ऑगस्ट महिन्यात हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा तो त्याच शहरात, आपल्या मालकाच्या अंगणात होता, आणि वाचला; पुढे 1976 साली त्या यामाकी कुटुंबाने तो अमेरिकेस भेट दिला. ज्या राष्ट्राने बाँब टाकला त्याच राष्ट्राला ते झाड देणाऱ्याच्या मनात काय असेल, याचा विचार आम्ही पुष्कळ वेळा केला आहे. एवढे मात्र खरे की, चारशे वर्षे जे झाड माणसांच्या हातून हातात गेले, त्याला पाणी घालणारा प्रत्येक पिढीत कोणी तरी होता.

वसईस मात्र हा राजा मानवत नाही. जपानी पाईनला हिवाळ्याची झोप लागते, आणि आमची थंडी म्हणजे पौषातल्या चार पहाटेची शाल. तेव्हा या किनाऱ्यावर पाईनची गादी सुरू चालवितो. सुरूचीबाग, भुईगाव, कळंब, अर्नाळा, कोठल्याही किनाऱ्यावर जा, वाळू आणि वस्ती यांच्यामध्ये सुरू उभा असतो. दुरून पाहणारा त्याला पाईन समजतो. इंग्रजीतही त्याला 'ऑस्ट्रेलियन पाईन' असे फसवे नाव आहे. वस्तुतः दोघांचे नाते मुळीच नाही. पाईन फुलावाचून बीज धरतो, सुरूला फुले येतात. ज्यांना आपण सुरूच्या सुया म्हणतो त्या पाने नसून बारीक हिरव्या काड्या आहेत. खरी पाने त्या काडीच्या प्रत्येक सांध्याभोवती दातांसारखी चिकटलेली असतात. आमच्या लहानपणी अशी काडी सांध्यावर तोडून पुन्हा जुळवावयाची आणि 'कोठे तुटली ते सांग' म्हणून दुसऱ्यास विचारावयाचे, असा एक खेळ होता. त्या खेळात आम्ही सहसा हरत असू.

आमच्याजवळचा सुरू असाच बांधावरचा आहे. केळी, पानवेल आणि मोगरा यांची आमची वाडी पाच चुलत घरांत वाटली गेली. वाटण्या इतक्या अरुंद झाल्या की केळीची एक ओळ एकाची तर तिच्या पाटाचे पाणी दुसऱ्याचे. अखेर सर्वांच्या संमतीने वाडी विकली गेली आणि आम्ही जवळच्याच इमारतीत राहावयास आलो. निघताना बांधावर आपोआप उगवलेले सुरूचे एक रोप आम्ही मुळांसह उचलले. गुरे बांधणाऱ्यांनी ते दोनदा छाटले होते, म्हणून बुंधा मनगटाएवढा, उंची मात्र गुडघ्याएवढी. आणि एकच फांदी, अंगठ्याइतकी जाड, सरळ आभाळाकडे गेलेली. त्या रोपाबरोबर आमच्या मातुःश्रीही आल्या. त्यांचे वय तेव्हा एकोणऐंशी होते. लग्न होऊन आल्या दिवसापासून त्या वाडीच्या हद्दीबाहेर सलग आठ दिवस राहिल्या नव्हत्या. आप्तेष्टांपैकी प्रत्येकाने आम्हांस एकांतात हेच सांगितले की, या वयात नव्या जागेची सवय लागावयाची नाही. जून फांदी ती.

फांदी खाली का आणावयाची, हे प्रथम सांगितले पाहिजे. तरुण झाडाच्या फांद्या वर जातात. म्हाताऱ्या झाडाच्या फांद्या स्वतःच्या भाराने, वाऱ्याने, थंड देशांत बर्फाने, आडव्या होतात आणि खाली झुकतात. तबकातले झाड वृद्ध दिसावे अशी इच्छा असेल तर त्याच्या फांद्या उतरविल्या पाहिजेत. कोवळ्या फांदीला त्यासाठी तारेचे दोन वेढे पुरतात. अंगठ्याएवढ्या फांदीपुढे तार हतबल होते, आणि येथूनच खऱ्या विद्येस प्रारंभ होतो.

ही विद्या आम्हांस ज्यांनी दिली ते तात्या जन्मभर एका कारखान्यात विजेच्या मोटारींची गुंडाळी भरीत होते. तारेचे मर्म त्यांच्याइतके जाणणारा गुरू आम्हांस पुस्तकात मिळाला नसता. ॲल्युमिनियमची तार मऊ आणि नवशिक्याला सोपी. परंतु जून फांदीसाठी तांबेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. जुन्या केबलीतली तांब्याची तार ते आधी भाताच्या पेंढ्याच्या जाळात तापवून घेतात. जपानी कारागीरही पेंढ्याचाच जाळ पसंत करतात, कारण त्याची आच बेताची असते. तापून निवालेले तांबे दोऱ्यासारखे मऊ होते. पण एकदा वळविले की जेथे वळले तेथे ते ताठ होते, आणि पुन्हा तापविल्यावाचून सरळ होत नाही. "मास्तर, तांब्याला एकदाच सांगायचं असतं," तात्या म्हणाले. "दुसऱ्यांदा सांगायला गेलात तर फांदीची साल सोलून निघेल."

नियम थोडे आहेत. तारेची जाडी फांदीच्या सुमारे एक तृतीयांश असावी. तारेचे मूळ बुंध्यावर पक्के धरावे. ढिल्या मुळाची तार फांदीला केवळ दागिन्यासारखी शोभते. वेढे पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या चालीने जावेत, ते दाट असले तर जोर राहत नाही आणि विरळ असले तर फांदी मध्येच मोडते. जेथे वाक द्यावयाचा तेथे बाहेरच्या अंगाला एक वेढा असलाच पाहिजे, कारण ताण तेथेच पडतो आणि तडाही तेथेच जातो. आता आमची फांदी दोन सेंटिमीटर जाड. हिशेबाने सहा-सात मिलिमीटर जाडीची तार पाहिजे, आणि तसली तार वळविणे हे लोहाराचे काम आहे. त्यातून सुरूचे लाकूड कठीण. त्याच्या काठ्या बांधकामास लागतात आणि सरपण म्हणून त्याची कीर्ती आहे. म्हणून तात्यांनी निराळा मार्ग धरला: फांदीला आधी ओले वेष्टण, त्यावर चार मिलिमीटर तांब्याचे वेढे, आणि खरा जोर मात्र एका ताणाच्या तारेने, म्हणजे फांदीपासून कुंडीच्या काठापर्यंत बांधलेल्या आणि मध्ये काडी घालून पीळ देता येईल अशा तारेने. याहूनही जाड फांदी असली तर जपानी कारागीर ती उभी चिरून, खोबण पाडून वाकवितात. तिकडे वळण्याची आम्हांस आवश्यकता पडली नाही.

वेष्टणासाठी जपानात राफिया नावाच्या ताडाचे धागे पाण्यात भिजवून वापरतात. तात्यांनी त्याऐवजी केळीचे सोपट आणावयास सांगितले. केळीच्या खांबाचे पापुद्रे सुकवून काढलेल्या या पट्ट्या. आमच्या वाडीत पानवेल आधाराला बांधणे, पानांच्या चळती आवळणे, गजरे गुंफणे, सारे सोपटावरच चाले. आम्ही ते फांदीला गुंडाळू लागलो, पण पट्टी सुटे, घसरे, दुमडे. मातुःश्री झोपाळ्यावरून हे पाहत होत्या. आल्या दिवसापासून त्यांनी या उद्योगाकडे पाठ फिरविली होती. "जिवंत झाडाला तारा गुंडाळून तुम्हांला कसलं सुख होतं कोण जाणे," हे त्यांचे मत आम्ही अनेकदा ऐकले होते. त्या दिवशी त्या उठल्या, पट्टीचे टोक तोंडाजवळ नेऊन त्यांनी ती किती भिजली आहे ते पाहिले, आणि म्हणाल्या, "अरे, सोपट आडवं ओढायचं नसतं. ते आपल्या लांबीनं चालतं. सर, मी बांधते." साठ वर्षे ज्या बोटांनी पानवेली बांधल्या त्या बोटांनी ती फांदी बुंध्यापासून टोकापर्यंत अशी आवळली की तात्यांनी खिशातून चष्मा काढून ती गाठ पाहिली. विरोधाचा शब्द मात्र मातुःश्रींनी मागे घेतला नाही. "वाकवायचीच असेल तर निदान फुटू नये," एवढेच त्या म्हणाल्या.

कार्तिकात, पावसाळ्याचा जोर ओसरून झाडाची वाढ मंदावल्यावर, काम सुरू झाले. आदल्या दिवशी पाणी तोडले होते, कारण पाण्याने तट्ट भरलेली फांदी काचेसारखी तडकते. दोन्ही हातांचे अंगठे वाकाच्या आतल्या बाजूस एकमेकांशेजारी टेकवून, फांदी जरा पिळत, जरा दाबत, तात्यांनी पहिला वाक दिला. तो इतका थोडा होता की आम्हांस काही घडल्याचेही कळले नाही. ताणाच्या तारेला त्यांनी अर्धा पीळ दिला आणि हात धुतले. "झालं?" आम्ही विचारले. "आजचं झालं. आता आठ दिवसांनी अर्धा पीळ. मधे हात लावायचा नाही." पुढच्या तीन महिन्यांत दर आठवड्याला अर्धा पीळ असे करीत फांदी उभीची आडवी झाली. एकदा, मार्गशीर्षात, पीळ देताना बारीकसा आवाज आला. आम्ही हात काढणार तोच तात्यांनी तो धरून ठेवला. फांदी कुरकुरली म्हणजे मोडली असे नव्हे. सालीखालचा जिवंत थर एका बाजूने अखंड असेल आणि वेष्टण पक्के असेल, तर आतली तड भरून येते; मोडते ती हात घाबरून एकदम सोडल्याने. आम्ही पीळ तसाच ठेवला. सोपट ढळले नाही, आणि फांदीच्या शेंड्याची हिरवी काडीही सुकली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फांदी कशाने वाकते? बळाने, असे आम्ही समजत होतो. परंतु लाकडाचे शास्त्र निराळे सांगते. फांदीच्या आतले बहुतेक लाकूड मृतच असते. जीव असतो तो मुख्यत्वे सालीखालच्या एका पातळ थरात. तो थर आतल्या बाजूस नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूस नवी साल घालीत जातो. आपण फांदी वाकवितो तेव्हा बाहेरचे अंग ताणले जाते, आतले दबते, सूक्ष्म तडा जातात, आणि जुने लाकूड पूर्ववत सरळ होण्याची खटपट करीत राहते. त्याचे मन कधीच वळत नाही. वळते ते हे की, तार फांदीला धरून असताना तो जिवंत थर नवे लाकूड घालतो, आणि ते नवे लाकूड वाकलेल्या स्थितीतच जन्मास येते. जेव्हा नव्या लाकडाचे बळ जुन्याच्या ओढीला पुरून उरते, तेव्हा फांदी वळली असे आपण म्हणतो. त्यातही झाड आपला पक्ष सोडीत नाही. झुकलेल्या फांदीला पुन्हा उचलण्यासाठी ते खास प्रकारचे लाकूड घालते: पाईनसारखी झाडे खालच्या अंगाला घालून फांदी वर ढकलतात, सुरूसारखी सपुष्प झाडे वरच्या अंगाला घालून ती वर ओढतात. म्हणून लवकर सोडलेली फांदी पुन्हा उभी राहते. सारांश, तार फांदीला वाकवीत नाही. ती केवळ थांबवून ठेवते, आणि वाकण्याचे काम झाड आपल्या वेळाने, आपल्या लाकडाने करते. जून फांदी मोडते ही गोष्ट खोटी नाही. पण ती जून असल्यामुळे मोडत नाही, तिला कोवळ्या फांदीइतकाच वेळ दिला जातो म्हणून मोडते.

थांबण्यालाही मर्यादा आहे. थंड देशात पाईनच्या फांदीवर तार वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ ठेवता येते. वसईच्या पावसात सुरू इतक्या वेगाने जाड होतो की आषाढ संपण्यापूर्वी तार सालीत रुतू लागते. ती उलगडावयाची नसते, जागच्या जागी कात्रीने तुकडे करून काढावयाची असते, तांबे जुने असले तरी. आम्ही तार काढली तेव्हा फांदी आठ दिवसांत चार बोटे वर आली. पुन्हा सोपट, पुन्हा तार, यावेळी वेढे जुन्या खुणांपासून दूर. दुसऱ्या पावसाळ्याअखेर तार उतरविली तेव्हा ती दोनच बोटे उठली आणि थांबली. ती दोन बोटे खाली आणण्याचा विचार आम्ही बोलून दाखविला. तात्या म्हणाले, "राहू द्या, मास्तर. तेवढं तिचं."

यात क्रौर्य नाही काय? मातुःश्रींचा हा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. निसर्गही झाडे वाकवितो, हे त्याचे नेहमीचे उत्तर. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले; असल्या वाऱ्यांनी आणि वाळू खात येणाऱ्या समुद्राने कलंडविलेले, मुळे उघडी पडलेले आणि तरीही शेंडा पुन्हा आकाशाकडे वळविलेले सुरू किनाऱ्यावर पाहावयास मिळतात. तात्या आपल्या झाडांचे आकार तेथेच जाऊन शिकतात. पण वादळाने केले म्हणून आपणही करावे, हा युक्तिवाद आमच्या गळी उतरत नाही. वादळ निघून जाते. वाकविणाऱ्याला जाता येत नाही, आणि आमच्या मते भेद असेल तर एवढाच. तबकातल्या झाडाला स्वतःचे पाणी शोधता येत नाही. वैशाखात दोन दिवस पाणी चुकले की चारशे वर्षांचाही वृक्ष सरपण होतो. ज्याने झाडाला तारेने बांधले तो त्या झाडाला पाण्याच्या तांब्याने बांधला जातो. हे ज्याला मान्य नसेल त्याने फांदीला हात लावू नये.

आमच्या गावाचे वळण याच दृष्टीने कधी कधी मनात येते. 2009 साली वसई-विरारची महानगरपालिका झाली, 2014 साली पालघर जिल्हा निराळा निघाला. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, आणि पहाटेच्या गाडीने दादरला फुले नेणाऱ्या टोपल्यांशेजारी कचेरीला जाणाऱ्यांची दाटी वाढत गेली. हे सारे व्हावयाचेच होते. परंतु कोठे अर्धा पीळ पुरेसा होता आणि कोठे एकदम दहा दिले गेले, हे पावसाळ्यात तुंबलेले पाणी दरवर्षी सांगते.

मातुःश्रींविषयी लिहिण्याचा आमचा संकल्प नव्हता; पण वाचक विचारतील. पहिले वर्षभर त्या रोज तिसऱ्या प्रहरी चप्पल घालून दाराशी उभ्या राहत. वाडीत ती पाट सोडण्याची वेळ होती. त्यांना कोणी अडविले नाही, आणि 'आता सवय करा' असेही कोणी म्हटले नाही. जुना झोपाळा तेवढा दिवाणखान्यात टांगला, आणि मोगऱ्याची पिशवी रोज सकाळी दारात येईल अशी व्यवस्था केली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या दोन मुली त्यांच्याजवळ सोपटावर गजरा गुंफावयास शिकू लागल्या. तिसऱ्या प्रहरी त्या आता सज्जात येतात आणि सुरूला पाणी घालतात. आम्ही घातले असले तरी पुन्हा घालतात. वाडीचे नाव काढले की अजूनही त्या बोलता बोलता थांबतात. तेवढे त्यांचे.

परवा त्यांनी त्या फांदीवरून बोट फिरविले. तार रुतल्याची तिरकी खूण सालीवर स्पष्ट आहे; ती बुजावयास आणखी चार-पाच पावसाळे लागतील असे तात्या म्हणतात. "वळण लागलं खरं," मातुःश्री म्हणाल्या, "पण वळ राहिला." मग त्यांनी फांदीखाली साचलेल्या सुया वेचल्या, आणि कुंडीला पाणी पोचले की नाही ते माती दाबून पाहिले.